मेजर, मायनर आणि क्रेडिटची वही

बारावीचा निकाल लागून प्रवेश सुरू झाले की आमच्या तालुक्याच्या कॉलेजच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचा ढीग पडतो. पोरं फॉर्म भरत असतात, पालक बाहेर उभे असतात आणि खिडकीतून एकच प्रश्न येतो, "मेजर कुठला, मायनर कुठला, लवकर सांगा." मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुसरा विषय. तीन वर्षांपूर्वी त्या रांगेत मीही होते. मागच्या मुलीने जे लिहिलं तेच मी लिहिलं. त्या एका ओळीपायी पुढे सहाव्या सत्रात मला एक जास्तीचा पेपर द्यावा लागला. तो कसा टळला असता, हे आता मला माहीत आहे. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

मी राजापूर तालुक्यातली. वनस्पतीशास्त्र मेजर आणि अर्थशास्त्र मायनर घेऊन बी.एस्सी. केलं. माझं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा आमच्याकडे २०२३-२४ पासून लागू झाला. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बाकीच्या कॉलेजांत तो २०२४-२५ पासून आला. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे याच विद्यापीठात येतात, म्हणून मूळ चौकट सगळीकडे सारखी आहे. स्वायत्त कॉलेज त्या चौकटीत आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं. शेजारच्या तालुक्यातल्या भावंडाने सांगितलेला नियम तुमच्या कॉलेजात जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

१. फॉर्मच्या आधी विषयांची जोडयादी मिळवा

धोरणात शेकडो जोड्या शक्य असतात. तालुक्याच्या कॉलेजात प्रत्यक्षात पाच-सहाच चालतात, कारण शिक्षक तेवढेच असतात. म्हणून माहितीपुस्तिका वाचून थांबू नका. विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. या मेजरसोबत कुठले मायनर यंदा खरोखर शिकवले जाणार आहेत? मागच्या वर्षी त्या मायनरला किती मुलं होती? आणि त्याचे तास किती वाजता असतात?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कला शाखेचे तास आमच्याकडे सकाळी साडेसातला सुरू व्हायचे आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं दुपारी चारपर्यंत चालायची. गावाकडची माझी शेवटची गाडी सव्वापाचची. पहाटेची गाडी चुकली की अर्थशास्त्राचा तास गेला. ७५ टक्के हजेरीचा नियम एसटीचं वेळापत्रक बघत नाही. जुलैत घाटात दरड आली की चार-चार दिवस गाडी बंद असते, तेही हिशोबात धरा. विषय निवडताना एका कागदावर तासांच्या वेळा आणि शेजारी गाड्यांच्या वेळा लिहा. हे विषयाच्या आवडीइतकंच महत्त्वाचं आहे.

२. क्रेडिट समजून घ्या

एक क्रेडिट म्हणजे एका सत्रात १५ तासांचं वर्गातलं शिक्षण, किंवा ३० तासांचं प्रात्यक्षिक. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तास. राज्याच्या आराखड्यात एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६.

पूर्वी वर्ष पास झालं की सुटलो, असं होतं. आता नुसतं पास होऊन भागत नाही. हे १२०-१३२ क्रेडिट वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे मेजर, मायनर, भाषा अशा गटांत, ठरलेल्या मापाने भरायचे असतात. एका डब्यात जास्त झाले म्हणून दुसऱ्या डब्यातले कमी चालत नाहीत. माझी चूक इथेच झाली. एकूण बेरीज बरोबर होती, मायनरचा डबा दोनाने रिकामा होता.

३. मेजर

मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे पदवीवर एखाद्या विषयाचं मेजर म्हणून नाव यायचं, तर एकूण क्रेडिटपैकी किमान निम्मे त्या विषयाचे असावे लागतात. पाचव्या-सहाव्या सत्रात तर जवळजवळ सगळा वेळ त्याच विषयात जातो. त्यामुळे "बारावीला मार्क चांगले होते" एवढंच कारण पुरत नाही. तिसऱ्या वर्षाची पुस्तकं ग्रंथालयातून काढून अर्धा तास चाळा. मी वनस्पतीशास्त्राचं तिसऱ्या वर्षाचं पुस्तक उघडलं, तेव्हा त्यात रोगशास्त्र दिसलं. हापूसवरचा करपा आणि भुरी आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. तिथेच माझं ठरलं.

घरचे विचारतात. माझ्या मामाने, तो मालवणचा, सरळ विचारलं होतं, "ह्यो विषय घेवन तू काय करतलंस?" प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर तयार ठेवा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, काजू प्रक्रियेचे कारखाने, नर्सऱ्या असं आपल्याच पट्ट्यातलं काहीतरी सांगता आलं की घरच्यांचाही धीर वाढतो.

पहिल्या वर्षानंतर त्याच विद्याशाखेत मेजर बदलण्याची सोय आयोगाच्या आराखड्यात आहे. पण ज्या विषयात जायचं तिथे जागा रिकामी असावी लागते, आणि आधीचे राहिलेले पेपर भरून काढावे लागतात. बदलायचं असेल तर दुसऱ्या सत्राची परीक्षा संपायच्या आत विभागप्रमुखांशी बोला. तिसऱ्या सत्राचे तास सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

४. मायनर: सगळ्यात जास्त घोळ इथे होतो

मायनर मेजरच्याच शाखेतला असू शकतो किंवा पूर्ण वेगळ्या शाखेतला. राज्याच्या आराखड्यात त्याला साधारण १८ ते २० क्रेडिट आहेत आणि ते पहिल्या तीन वर्षांतच पूर्ण करायचे असतात. आमच्याकडची विभागणी अशी होती: दुसऱ्या सत्रात २, मग तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत दर सत्राला ४. एकूण १८.

दुसऱ्या सत्रात दोन क्रेडिटचा मायनर म्हणजे किरकोळ पेपर वाटतो. मी प्रवेशाच्या रांगेत रसायनशास्त्र लिहिलं होतं, कारण मागच्या मुलीने तेच लिहिलं होतं. तिसऱ्या सत्रात कळलं की मला अर्थशास्त्रच हवं आहे. बागायतदाराच्या घरात आंबा पिकवायचं सगळ्यांना येतं, पण वाशीच्या मार्केटला पेटी गेल्यावर भावाचं काय होतं ते कोणाला नीट कळत नाही, मलाही कळत नव्हतं. अर्ज दिला, मंजूर झाला. मंजूर करताना कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, की दुसऱ्या सत्रातल्या त्या दोन क्रेडिटचं आता काय होणार. ते माझ्या खात्यात राहिले, पण रसायनशास्त्राच्या नावावर. अर्थशास्त्राचे सहाव्या सत्राअखेर सोळाच होणार होते. पाचव्या सत्रात कार्यालयातल्या एका बाईंनी सहज बेरीज केली, म्हणून उघडकीला आलं. मग सहाव्या सत्रात, कामाचा अनुभव घ्यायला रोज बाहेर जात असताना, पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये बसून मी अर्थशास्त्राचा दुसऱ्या सत्राचा पेपर दिला. वेळेत उघडकीला आलं हे माझं नशीब. निकालानंतर कळलं असतं, तर वर्ष गेलं असतं.

म्हणून मायनरबाबत माझं सांगणं ठाम आहे. दुसऱ्या सत्रातला मायनर हाच शेवटपर्यंतचा मायनर, असं समजूनच निवडा. बदलायची वेळ आलीच, तर अर्जातच लिहा: "आधीच्या सत्रातील मायनरचे क्रेडिट कसे पूर्ण करावेत, हे कळवावे." उत्तर सही-शिक्क्यानिशी घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका, कारण ज्या सरांनी सांगितलं त्यांची पुढच्या वर्षी बदली झालेली असू शकते.

कुठला मायनर घ्यावा, याबद्दल माझं मत असं आहे. मेजरशेजारचाच विषय घेतला तर अभ्यास सोपा जातो, गुण चांगले पडतात. पण शाखा ओलांडून घेतलेला मायनर आपल्याकडे जास्त उपयोगी पडतो. प्राणिशास्त्राला वाणिज्याची जोड द्या, मासळीचा लिलाव समजतो. इतिहासाला भूगोलाची जोड द्या, तर बारसू, कशेळी, उक्षी इथली कातळशिल्पं सड्यावरच, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच, का आहेत हा प्रश्न विचारता येतो. तासांच्या वेळा जुळत असतील, तरच हे सगळं.

पुढे मायनरच्या विषयात एम.ए. किंवा एम.एस्सी. करता येतं का, हे बरेच जण विचारतात. आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्याने ती वाट मोकळी ठेवली आहे. तरी जिथे प्रवेश हवा त्या विभागाच्या अटी आधी वाचून घ्या.

५. बाकीचे डबे

यात फार डोकं घालवायचं कारण नाही, पण विसरूही नका.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ओई, आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. विज्ञानाच्या मुलाने विज्ञानातलं ओई घेतलं, तर ते धरलं जात नाही. व्होकेशनल कोर्स मेजरला जोडलेला असतो. कौशल्याचा कोर्स वेगळा. भाषेचे पेपर इंग्रजीचे आणि एका भारतीय भाषेचे. मराठी घ्या, चांगलं शिकवतात. मूल्यशिक्षणात पर्यावरण येतं. भारतीय ज्ञान परंपरा हा दोन क्रेडिटचा पेपर असतो. सहशालेय उपक्रमांत एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, कला यांपैकी एक. एनएसएस घेतलंत तर शिबिराच्या तारखा आधीच विचारा. आमचं शिबिर डिसेंबरात गावच्या जत्रेच्या आठवड्यातच आलं होतं.

६. प्रवेशाची कागदपत्रं

आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. तिची छापील प्रत नसेल तर कॉलेज फॉर्म घेत नाही. ती झाली की हे सगळं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा:

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, प्रत्येकी चार झेरॉक्स
- शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत
- आधार कार्ड
- जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- बारावी दुसऱ्या बोर्डातून झाली असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. दोडामार्ग-सावंतवाडीकडची जी मुलं गोवा बोर्डातून येतात, त्यांचं काम याच एका कागदावर अडतं
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो

प्लास्टिकची फाईल मुद्दाम सांगितली. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये कितीतरी घरांतली कपाटं कागदांसकट पाण्याखाली गेली. माझ्या वर्गातल्या एकीचा दाखला त्यात भिजला होता, दुसरी प्रत मिळवायला तिला दोन महिने लागले. सगळ्याचे फोटो काढून मोबाईलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा.

७. एबीसी खातं पहिल्याच महिन्यात उघडा

तुम्ही मिळवलेले क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत, म्हणजे एबीसीत, जमा होतात. हे खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि ते आता अपार क्रमांकाशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाशी, जोडलेलं आहे. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात.

यातला सापळा नावाचा. आधारवर "रा", बारावीच्या गुणपत्रिकेवर पूर्ण "रामचंद्र", कॉलेजच्या फॉर्मवर आडनाव आधी, अशी तीन नावं असली की क्रेडिट तुमच्या खात्यात येत नाहीत. नाव बारावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे, अक्षरन् अक्षर तसं आधारवर करून घ्या. हे काम तालुक्याच्या आधार केंद्रात होतं. हेच नंतर करायचं म्हटलं, तर रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून दादर आणि तिथून कलिन्याचं विद्यापीठ गाठणारी माणसं मी पाहिली आहेत. आईवडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते, वर प्रवासखर्च. हे टाळता येतं.

गावात रेंज नसेल तर ओटीपी येत नाही. आमच्याकडची मुलं सड्यावर जाऊन ओटीपी घेतात. तुम्हीही तसंच करणार असाल, तर आधारला जोडलेला मोबाईल सोबत न्या. बहुतेक वेळा तो नंबर वडिलांचा असतो आणि वडील त्या वेळी कामावर असतात.

८. क्रेडिटची वही

आई बचत गटाची वही ठेवते. नाव, हप्ता, बाकी, सही. मायनरचा तो घोळ उघडकीला आल्यावर मी तशीच एक शंभर पानी वही आखली. पहिल्या वर्षीच आखायला हवी होती. डावीकडे डब्यांची नावं: मेजर, मायनर, ओई, व्होकेशनल, कौशल्य, भाषा, मूल्य, ज्ञान परंपरा, सहशालेय, फील्ड प्रोजेक्ट, कामाचा अनुभव. वर सहा सत्रं. प्रत्येक चौकोनात दोन आकडे: किती हवे होते, किती मिळाले. शेवटच्या रकान्यात बाकी.

निकाल लागला की गुणपत्रिका समोर ठेवून वही भरा. आमच्याकडे अंतर्गत गुण आणि लेखी परीक्षा यांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकात राहिलात तरी त्या पेपरचा क्रेडिट येत नाही. त्यामुळे गुणपत्रिकेतला एकूण आकडा बघू नका, प्रत्येक ओळ बघा. अंतर्गत परीक्षा बऱ्याचदा गणपतीच्या सुट्टीनंतर लगेच असते. मुंबईचे चाकरमानी घरात, आरत्या, भजनं, आणि परवा परीक्षा, अशी ओढाताण होते. सुट्टी लागायच्या आधीच तारीख लिहून घ्या.

वर्षातून एकदा ही वही घेऊन परीक्षा विभागात जा आणि त्यांच्या नोंदीशी ताडून बघा. दहा मिनिटं लागतात. गर्दी नसते तेव्हा, म्हणजे निकालानंतर पंधरा दिवसांनी गेलात, तर ती माणसं आनंदाने बघून देतात.

केंद्र सरकारच्या 'स्वयम' या संकेतस्थळावरचे ऑनलाईन कोर्सही क्रेडिटला धरता येतात. आयोगाने एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत पेपर असे घ्यायला मुभा दिली आहे. मात्र कॉलेजची मान्यता नाव नोंदवायच्या आधी हवी आणि अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. केंद्र कुठलं मिळतं आणि तिथे सकाळी वेळेत पोचता येतं का, ते बघूनच नाव घाला.

९. प्रोजेक्ट आणि कामाचा अनुभव: हंगाम बघून ठरवा

फील्ड प्रोजेक्ट, समाजसंपर्काचा प्रोजेक्ट आणि चार क्रेडिटचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात, हे वर्गाबाहेर करायचे असतात. आपल्याकडे यासाठी भरपूर काही आहे, फक्त त्याला हंगाम असतो.

मासेमारीवर काम करायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. हर्णैचा लिलाव किंवा मिरकरवाडा बंदरातली मासळीची आवक मोजायची तर ऑगस्टनंतर. आंबा मार्चपासून, आणि मे महिन्यात बागेत कोणाला बोलायला वेळ नसतो. त्यामुळे मुलाखती फेब्रुवारीत उरकून घ्या. खारफुटीत ओहोटीच्या वेळाच चालतात, भरतीचं कोष्टक जवळ ठेवा. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. तिथे पर्यटनावर काम करता येईल, पण पाण्यातल्या दोन किल्ल्यांना पावसाळ्यात होडी नसते.

ओजेटीसाठी कॉलेजचं पत्र, जिथे काम करणार त्यांचं संमतीपत्र, रोजची हजेरी आणि शेवटी प्रमाणपत्र, असे चार कागद लागतात. हजेरीवर रोजच्या रोज सही घ्या. महिन्याच्या शेवटी एकदम तीस सह्या कोणी करत नाही, आणि करूही नयेत.

१०. मध्येच थांबायचं असेल, किंवा चौथं वर्ष करायचं असेल

घरची अडचण येते, बोटीवर माणूस कमी पडतो, वडील आजारी पडतात. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्यानंतर पदविका. त्यासाठी नेहमीच्या क्रेडिटशिवाय चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. नुसतं यायचं बंद केलंत तर हातात काहीच येत नाही. म्हणून अर्ज करून बाहेर पडा. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते.

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत: साधं ऑनर्स आणि संशोधनासह ऑनर्स. संशोधनाच्या वाटेला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणजे हा निर्णय तिसऱ्या वर्षी घेतला तरी त्याची तयारी पहिल्या सत्रापासूनच सुरू होते. चार वर्षं केलीत तर पुढचं एम.एस्सी. एका वर्षाचं होतं, तीन वर्षांवर थांबलात तर दोन वर्षांचं. तालुक्याच्या सगळ्या कॉलेजांत चौथं वर्ष नसतं. ते करायचं मनात असेल तर पहिल्या प्रवेशाच्याच वेळी विचारा, नाहीतर शेवटच्या वर्षासाठी रत्नागिरीत खोली घ्यावी लागेल आणि तिचं भाडं घरच्या हिशोबात बसायला हवं.

तिसऱ्या वर्षावर थांबत असाल, तर सहाव्या सत्राची गुणपत्रिका खिडकीतून घेतल्यावर तिथून हलू नका. नाव, मेजर, मायनर आणि एकूण क्रेडिट, या चार गोष्टी तिथेच वाचा. माझ्या गुणपत्रिकेवर मायनरसमोर "अर्थशास्त्र, १८" होतं. मी ते दोनदा वाचलं, वहीतल्या शेवटच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि मग सव्वापाचची गाडी पकडली.